शब्दशः शोधाचा हट्ट मी का सोडला

वाचकाने टाइप केलेली अक्षरं निमूटपणे घ्यावीत आणि ती जिथे असतील ती पानं दाखवावीत, शोधयंत्राचं काम एवढंच, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. जुन्या मराठी मासिकांच्या डिजिटल संग्रहाचं शोधयंत्र मी सांभाळतो. वाचकाच्या मनात काय आहे हे यंत्राने ठरवणं मला आगाऊपणाचं वाटे. आज तसं वाटत नाही.

मत बदललं ते इंडेक्स उघडून बघितल्यावर. आमचा शोध चालतो ल्यूसीनवर, डग कटिंग यांनी १९९९ साली लिहिलेल्या मुक्त सॉफ्टवेअरवर. प्रश्न आल्यावर ते पानं चाळत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी, कुठला शब्द कुठल्या पानांवर आहे याची नोंद त्याने आधीच केलेली असते. म्हणजे शब्द कशाला म्हणायचं, हे वाचक येण्यापूर्वीच ठरलेलं असतं. मोकळी जागा दिसली की शब्द संपला, हाही अर्थ लावण्याचाच प्रकार.

मराठीत तो फार तोकडा पडतो. हिंदीत ‘घर में’ हे दोन शब्द, आपल्याकडे ‘घरात’ हा एकच. ‘गिरणी’ शोधणाऱ्याला शब्दशः चालणारं यंत्र ‘गिरणीत’ किंवा ‘गिरण्यांचा’ असलेली पानं दाखवतच नाही. १९६२च्या लेखननियमांपूर्वीच्या अंकांत ‘गांव’ आहे, वाचक ‘गाव’ लिहितो. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला ‘ऱ्य’ तर संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो: ‘ऱ’ हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राच्या लेखी शब्द वेगळे.

यंत्राने मोकाट अर्थ लावावा, असं मात्र मी म्हणत नाही. ल्यूसीनमधले हिंदीसाठीचे तयार नियम हे दोन ‘ऱ्य’ एक करतात, पण ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पुसतात. गिरण्यांच्या अभ्यासकाचं ‘सूत’ मग ‘सुत’ म्हणजे मुलगा याच्याच नोंदीत जाऊन पडतं. सगळे अनुस्वार काढले, तर ‘त्याचा’ आणि ‘त्यांचा’ एक होतात. म्हणून मराठीचे नियम मराठी जाणणाऱ्यांनीच घडवायला हवेत, आणि मूळ रूपाचीही वेगळी नोंद ठेवायला हवी.

हे काम खर्चिक आहे. ल्यूसीन इंडेक्स तुकड्यातुकड्यांनी लिहितं आणि लिहिलेला तुकडा पुन्हा बदलत नाही. पान सुधारलं की जुन्या नोंदीवर रद्दची खूण होते, नवी नोंद नव्या तुकड्यात जाते आणि पुढे तुकडे एकत्र करताना रद्द नोंदी गळतात. शब्दांचा नियम बदलला, तर जुन्या नोंदी जुन्याच नियमाच्या राहतात. मग सगळा संग्रह नव्याने नोंदवावा लागतो, आणि वाचकाचा प्रश्नही त्याच नियमातून जावा लागतो. नाहीतर दोघांची गाठच पडत नाही.

तरीही हा खटाटोप करावा, असं आता मला मनापासून वाटतं. नको असलेलं पान समोर आलं तर वाचक ते बाजूला सारतो. जे पान आलंच नाही, ते संग्रहात होतं हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. शब्दशः शोधाची सोय जरूर ठेवावी, पण ती वाचकाने मागितली तर. आणि आपण कोणती रूपं एक धरली आहेत, हे शोधाच्या चौकटीशेजारीच साध्या मराठीत लिहून ठेवावं.