पत्रिकेचा मजकूर

लग्न ठरून मुहूर्त निघाला की घरात पहिली बैठक बसायची ती पत्रिकेच्या मजकुराची. कार्ड कसलं घ्यायचं यावर फार वेळ जात नसे, कारण छापखान्यात निवडीला होतंच काय? पांढरा, गुलाबी नाहीतर पिवळसर कागद आणि लाल किंवा केशरी शाई. खरा खल व्हायचा तो शब्दांवर आणि नावांवर. निमंत्रक कोण, कुणाचं नाव आधी, वर कुलदैवत कुठलं, मुहूर्ताची मिनिटं गुरुजींना पुन्हा एकदा विचारून घेतली का. आज पत्रिका निवडायला बसलो की नेमकं उलट घडतं. रंग, नक्षी, पेटी, पाकीट यांत आठवडे जातात आणि मजकूर तयार नमुन्यातून उचलला जातो. माझी खंत एवढ्याचपुरती आहे, पण ती मनापासून आहे.

आमच्या धाकट्या आत्याचं लग्न साताऱ्यात १९७८ सालच्या वैशाखात झालं. पत्रिकेवर ‘शके १९००’ असा भरभक्कम आकडा येणार म्हणून आजोबा खूश होते. मजकूर ते सांगत होते आणि काका फुलस्केपवर उतरवून घेत होते. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून मुहूर्तापर्यंत गाडी सुरळीत गेली आणि निमंत्रकांच्या नावांपाशी अडली. चुलत आजोबा वेगळे राहत होते, बोलणंचालणं जवळजवळ बंद होतं. तरीही माझ्या नावाखाली त्याचं नाव आलंच पाहिजे, यावर आजोबा अडून बसले. नाव छापलं. गावातली पहिली पत्रिका घेऊन ते स्वतः भावाकडे गेले, आणि लग्नाच्या दिवशी मांडवाच्या दारात पाहुण्यांना अत्तर लावायला चुलत आजोबाच उभे होते. एका छापील ओळीने घरातलं अवघडलेपण सुटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शेवटची ओळ आम्हा मुलांची. ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ आणि खाली सगळ्या भावंडांची घरातली नावं. आपलं नाव छापलेलं पाहण्याचा पहिला प्रसंग कित्येकांच्या आयुष्यात पत्रिकेनेच आणलेला असतो. मी ती पत्रिका दप्तरात घालून शाळेत नेली होती.

छापखाना आमच्याच पेठेत होता. काकांबरोबर मजकूर द्यायला गेलो तेव्हा तिथून पाय निघेना. कंपोझिटर डाव्या हातात स्टिक धरून उजव्या हाताने समोरच्या लाकडी खणांतून एकेक खिळा उचलत होता. काना, मात्रा, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं अशा देवनागरीच्या पसाऱ्यासाठी खणच खण. त्याची नजर आमच्या फुलस्केपवर आणि बोटं बरोबर हव्या त्या खणात. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, पण तो माणूस ती ओळ सरळ लिहिलेली असावी तशी घडाघडा वाचायचा. ओळ भरली की शिशाची पट्टी घालून पुढची ओळ. सगळा मजकूर जुळला की सुतळीने घट्ट बांधायचा, वरून शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबून प्रूफ काढायचं. ते प्रूफ घरी यायचं आणि तीन-चार जण मोठ्याने वाचून तपासायचे. मग ट्रेडल सुरू. पायाने यंत्र चालवत कार्ड हाताने आत ठेवायचं आणि जबडा मिटायच्या आत हात बाहेर घ्यायचा, असं प्रत्येक कार्डाला. डोक्यावरचा गणपतीचा ब्लॉक सगळ्या गावाला मिळून एकच असल्यासारखा होता. छापून छापून त्याच्या सोंडेची रेघ पुसट झाली होती. छपाई आटोपली की खिळे सोडवून आपापल्या खणात परत जायचे, पुढच्या लग्नासाठी.

या माणसाच्या हातून पत्रिकेत अशुद्ध शब्द जात नसे, हे मुद्दाम सांगायला हवं. आपण ‘आशिर्वाद’ लिहून दिलं तर तो न विचारता ‘आशीर्वाद’ जुळवायचा. वर शांतपणे सांगायचाही, की वैशाख शुद्ध अमुकला वार हा येत नाही, पंचांग बघून या. दाते पंचांग त्याच्या टेबलावर कायम असायचं.

पत्रिका घरी आल्या की चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लागायची. एक देवापुढे, एक कुलदैवताला. आमची पालीच्या खंडोबाला जायची, कोल्हापूरकरांची अंबाबाईला. पुण्यात कसबा गणपती ग्रामदैवत, तेव्हा पहिली पत्रिका त्याच्यापुढे, आणि ही पद्धत आजही टिकून आहे. परगावच्या पत्रिका बुक पोस्टाने. पाकीट चिकटवायचं नाही, झाकण आत खोचायचं आणि वर ‘बुक पोस्ट’ लिहायचं. आत छापील मजकूरच असल्याने तिकीट कमी लागायचं. पिनकोड १९७२ साली आला, पण आमच्या पत्त्यांच्या वहीत निम्मे पत्ते अजून मु. पो., ता. आणि जि. एवढ्यावरच होते, आणि पत्रिका पोचत होत्या. ज्यांना येणं जमत नसे त्यांची तार यायची. ठरावीक शुभसंदेशांना तारखात्याने क्रमांक दिलेले असत. पाठवणाऱ्याने क्रमांक सांगायचा की इकडे पूर्ण वाक्य उमटायचं. जेवणाच्या पंगतीआधी त्या तारा कुणीतरी वाचून दाखवायचं. ही तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली.

गावातल्या पत्रिका मात्र हातानेच द्यायच्या. गावात असून पोस्टाने पत्रिका पाठवली तर समोरच्याला तो अपमान वाटायचा. आजी आणि काकू दुपारची झोप सोडून निघायच्या, पिशवीत पत्रिका, कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची पुडी. घरातल्या बाईला कुंकू लावायचं, अक्षत द्यायची, पत्रिका हातात ठेवायची आणि तोंडानेही बोलावणं करायचं. पाकिटावर ‘सहकुटुंब सहपरिवार’ आहे की नुसतंच नाव आहे, हे आधी पाहिलं जायचं. चहाला नाही म्हणायची सोय नव्हती. त्या फेऱ्यांत कुणाकडे आजारपण आहे, कुणाच्या मुलाची नोकरी सुटली, कुणाकडे मुलगी लग्नाची आहे हे कळायचं, आणि पुढच्या दोन-तीन सोयरिकींची सुरुवात तिथेच व्हायची. ‘पत्रिका दारातून टाकून गेले’ हा ठपका घरावर बसला की वर्षानुवर्षं पुसला जात नसे. हे सगळं निमंत्रणाचाच भाग होतं, आणि माझ्या मते मोठा भाग होता.

मोबाइलने पत्रिका मारली असं आपण सहज म्हणतो. ते पूर्ण खरं नाही. त्याआधी आल्बम आला. मुंबईत गिरगावातल्या खाडिलकर रोडवर, म्हणजे जुन्या कांदेवाडीत, लग्नपत्रिकांच्या दुकानांची रांग आहे. ‘नवाकाळ’कार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नाव या रस्त्याला आहे. तिथे किंवा कुठल्याही शहरातल्या अशा दुकानात गेलं की काउंटरवर जाडजूड आल्बम पुढ्यात यायचे. कार्डं कोरी, पुष्कळशी तमिळनाडूतल्या शिवकाशीहून आलेली, वर सोनेरी गणपती, मखमल, मोरपीस. आपण फक्त आत नावं छापून घ्यायची. नव्वदच्या दशकात संगणकावर अक्षरजुळणी आली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी गल्लोगल्लीच्या डीटीपीवाल्यांकडे पोचली आणि शिशाचे खिळे भंगारात गेले. सोय झाली, स्वस्ताई झाली, अक्षर सुबक झालं. पण त्याच काउंटरवर मजकुराचीही एक वही असायची. ‘अमुक नंबरचा मजकूर घ्या आणि फक्त नावं लिहून द्या.’ माझ्या हिशेबी घरातली मजकुराची बैठक त्या दिवशी मोडली.

गेल्या वर्षी भाचीच्या लग्नाची पत्रिका ठरवताना मी सोबत होतो. तीही फोनवरच ठरली. आधी तारखेची आगाऊ वर्दी देणारं चित्र, मग सनईवर सरकणारा व्हिडिओ, मग पीडीएफ. २०२० मध्ये टाळेबंदीत लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती, तेव्हा पत्रिका छापायच्या कुणासाठी? त्या दिवसांत फोनवरचं निमंत्रण रीतसर मानलं जाऊ लागलं आणि नंतर तसंच राहिलं. त्याचे फायदे मी नाकारत नाही. नकाशाच्या एका टिचकीने पाहुणा थेट कार्यालयाच्या दारात येतो. ‘स्टँडवरून उजवीकडे, मारुतीच्या देवळामागे’ असं छापावं लागत नाही. न्यू जर्सीतल्या मावशीला आणि निपाणीच्या आत्याला पत्रिका एकाच क्षणी मिळते.

आणि एक बदल तर इतका चांगला आहे की त्यापुढे माझं सगळं स्मरणरंजन मी बाजूला ठेवायला तयार आहे. जुन्या पत्रिका काढून पाहा. कितीतरी घरांत वडील नसलेल्या मुलीची निमंत्रक तिची आई नसायची. काका नाहीतर मामा असायचा. जिने कपडे शिवून, डबे करून मुलीला वाढवलं, तिचं नाव पत्रिकेत कुठेच नाही. आज तीच बाई पहिल्या ओळीत निमंत्रक म्हणून उभी असते. भाचीच्या पत्रिकेत तिच्या सासूबाईंचं नाव असंच एकटं आणि ठळक होतं. हे आधीच व्हायला हवं होतं.

महाराष्ट्रात पत्रिका कधी एका साच्याची नव्हतीच. बौद्ध घरांत ‘मंगल परिणय’ आणि वर बुद्ध व बाबासाहेब. ग्रामीण भागात मोठ्या कागदावर सरपंचापासून आमदारापर्यंत आणि भावकीतल्या प्रत्येक घरापर्यंत नावांची भरगच्च यादी. शहरी लोक त्या यादीला नाकं मुरडतात, मला ती फार प्रामाणिक वाटते. लग्न कुणाकुणाच्या भरवशावर उभं आहे, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं.

आजच्या पत्रिकेत मला खटकतात त्या दोन गोष्टी. एक, अक्षर. महागड्या कार्डावर रफार भलत्याच अक्षरावर चढलेला असतो, ‘शुभाशिर्वाद’ ऱ्हस्व असतो आणि कुणी प्रूफ वाचलेलं नसतं. दुसरी, परका मजकूर. मराठी घर, मराठी नातलग, आणि पत्रिका इंग्रजीत, त्यातही उसनी वाक्यं. शिवाय अलीकडे लग्नाचं निमंत्रण म्हणून एपीके फाइल पाठवून लोकांची बँक खाती रिकामी करण्याचे प्रकार घडले आहेत. अनोळखी नंबरवरून अशी ‘पत्रिका’ आली तर ती उघडू नका. फोनवरच्या खऱ्या पत्रिकेकडेही आता लोक संशयाने पाहू लागले आहेत ते यामुळेच.

आजोबांच्या ट्रंकेत एक पत्रिका सापडली, शके १८७४ म्हणजे १९५२ ची. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची. त्या एका कागदावरून मला पणजोबांचं मूळ गाव कळलं, त्यांचे भाऊ किती ते कळलं, ज्यांचं नाव घरात कुणी घेत नव्हतं असे एक काकाही सापडले. फोन बदलला की पीडीएफ जातो. सरकारदरबारीसुद्धा विवाह नोंदणीला गेलं की कागदपत्रांत लग्नपत्रिका मागतात. नसेल तर प्रतिज्ञापत्र करण्याची पाळी येते.

म्हणून ज्यांच्या घरी येत्या मोसमात कार्य आहे त्यांना एवढंच सांगणं आहे. फोनवरून खुशाल सगळ्यांना कळवा. पण थोड्या पत्रिका कागदावर छापा, साध्या का असेनात. मजकूर घरात बसून लिहा, मोठ्यांना आणि लहानांना दोघांनाही विचारा, आणि छपाईआधी प्रूफ मोठ्याने वाचून घ्या. घरातल्या ज्येष्ठांकडे, जुन्या शेजाऱ्यांकडे आणि ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्याकडे ती पत्रिका घेऊन स्वतः जा. आदल्या दिवशी फोन करून जा, म्हणजे ते घरी असतील.