पावणेदोन इंच

गाडी गॅरेजमध्ये आली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, पाइप किती इंचाचा घालायचा? उत्तरही त्यांनी ठरवून आणलेलं असतं: तीन इंच. मी मात्र आधी विचारतो, गाडी रोज कुठून कुठे जाते? बेंगळुरात या प्रश्नाचं उत्तर बहुधा आउटर रिंग रोड, सिल्क बोर्ड, हेब्बाळ याच पट्ट्यात सापडतं. म्हणजे इंजिन दिवसातला बराच वेळ पंधराशे ते अडीच हजार आरपीएममध्ये असतं, आणि एक्झॉस्ट निवडायचा तो त्या आकड्यांसाठी. सहा हजारांवर इंजिन कसं गर्जेल हा विचार मोहात पाडतो खरा, पण तिथपर्यंत काटा पोचतो तो एखाद्या रविवारी पहाटे, नंदी हिल्सच्या वाटेवर.

मी मूळचा बेळगावचा. उद्यमबागेतल्या लेथवर हात बसला आणि सायलेन्सरचं काम इथे, शिवाजीनगरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शिकलो. तिथल्या जुन्या वेल्डर चाचांनी एक सवय लावली: सायलेन्सर कापण्याआधी गाडी चालू करायची, मागे उकिडवं बसायचं आणि डोळे मिटून नुसतं ऐकायचं. त्या सवयीवर माझा आजही मापाच्या पट्टीइतकाच विश्वास आहे.

सध्या माझ्याकडे एक कॉन्टेसा उभी आहे. हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी १९८४ ते २००२ या काळात बनवली. साचा व्हॉक्सहॉलच्या व्हिक्टरचा. लांबलचक बॉनेट, ताकद मागच्या चाकांना, रुंद बसका बांधा. आपल्याकडे तिला ‘देशी मसल कार’ म्हणतात आणि दिसण्यापुरतं ते मला मान्य आहे. सुरुवातीला तिच्यात अँबेसिडरचंच १४८९ सीसीचं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं इंजिन होतं. पुढे इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आलं, साधारण ८८ अश्वशक्तीचं, आणि गाडीला तिच्या देहाला साजेसा दम मिळाला. माझ्याकडची गाडी इसुझूवाली आहे. घेतली वडिलांनी, आता चालवतो मुलगा. त्याला तिच्यातून फोर्ड मस्टँगचा आवाज हवा आहे.

हे होणार नाही, आणि का होणार नाही ते मी प्रत्येकाला शांतपणे सांगतो. भारतात २०१६ पासून विकल्या गेलेल्या मस्टँग जीटीत पाच लिटरचं व्ही-एट आहे. त्याचे आठही सिलिंडर मिळून पाहिले तर दर ९० अंशांना एक स्फोट होतो, अगदी समान. पण एका बाजूचे चार सिलिंडर वेगळे काढून ऐकले तर दोन स्फोटांमधलं अंतर कधी ९० अंश, कधी १८०, कधी २७०. हलगीवाला एखादा ठोका मागे ओढतो आणि पुढचे दोन जवळ आणतो, तसं. त्या असमान ठोक्यांमुळेच व्ही-एटची ती घुमती गुरगुर तयार होते. कॉन्टेसाचे चार सिलिंडर मात्र १-३-४-२ या क्रमाने, दर १८० अंशांना, सारख्या अंतरावर ठोका देतात. आवाजाचा ताल क्रँकशाफ्टवर ठरतो. सायलेन्सरने त्यातलं काय ऐकू येऊ द्यायचं आणि काय दाबायचं एवढंच हाती राहतं, आणि तेवढ्यातही करण्यासारखं पुष्कळ आहे.

आता मापाकडे येतो. इंजिन ट्यूनिंगवर लिहिणारे डेव्हिड व्हिझार्ड यांचा ठोकताळा मी वर्षानुवर्षं वापरतोय: एका अश्वशक्तीमागे मिनिटाला २.२ घनफूट वायू वाहून नेण्याची सोय हवी, आणि पाइपच्या एका चौरस इंचातून साधारण ११५ घनफूट जातो. ८८ अश्वशक्तीचा हिशेब केला तर दीड इंच आतला व्यास पुरतो. बाजारात मिळणारा पावणेदोन इंची पाइप कॉन्टेसाला भरपूर झाला. मस्टँगच्या चारशे अश्वशक्तीसाठीही, दोन पाइप असल्यामुळे, प्रत्येकी अडीच इंच ऐसपैस होतात. त्याहून मोठा पाइप घातला की वायूचा वेग पडतो. वायू वेगाने निघून जाताना मागे कमी दाबाची लाट सोडतो, आणि तीच लाट सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून काढते. वेग गेला की ही ओढ गेली आणि खालच्या आरपीएमचा पिकअप गेला. सिग्नल सुटल्यावर गाडी आळसते, आवाज मात्र दुप्पट येतो, आणि मालकाला वाटतं गाडी जोरात झाली.

बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे. इथली हवा किनाऱ्यावरच्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ, आणि टर्बो नसलेलं इंजिन साधारण तेवढीच ताकद गमावतं. कॉन्टेसाच्या हिशेबात सात-आठ अश्वशक्ती. चांगल्या एक्झॉस्टने मिळतात त्या चार-पाच. म्हणून मी या गाडीसाठी आकड्यांचं आश्वासन देत नाही. आधी कार्ब्युरेटरचा जेट इथल्या हवेला जुळवतो, प्लगचा रंग पाहतो, मगच पाइपला हात लावतो.

हेडर, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या पहिल्या नळ्यांचा संच, चार-दोन-एक असा करतोय: १ आणि ४ एका जोडीत, २ आणि ३ दुसऱ्या. याचा फायदा मधल्या आरपीएमला दिसतो आणि आवाजाला थोडा घट्टपणा येतो. मुलाला चकचकीत ३०४ स्टेनलेस हवं होतं. पण एक मीटर पाइप पाचशे अंशांनी तापला की ३०४ साडेआठ मिलिमीटर वाढतो, साधं लोखंड सहा. हेडजवळ हीच वाढ वेल्डला तडा देते, म्हणून तिथे सरकता जोड ठेवावाच लागतो. मागच्या भागाला मात्र ३०४च हवं, कारण या शहरात सायलेन्सर आतून सडतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गाडी दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबली तर ते पाणी वाफ होऊन बाहेर पडायच्या आत डब्यात साचतं. डब्याच्या सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक पाडलं की काम होतं. गिऱ्हाइकं ते भोक बघून दचकतात.

सगळ्यात अवघड असते ती घुमक. नाइस रोडवर गाडी एका वेगाला लागली की केबिनमध्ये एकच सूर भरून राहतो आणि अर्ध्या तासात डोकं जड होतं. मस्टँग दोन हजार आरपीएमला असेल तर सेकंदाला १३३ ठोके. त्या सुराच्या लहरीच्या पाव लांबीची, साधारण तीन फुटांची, टोक बंद केलेली नळी बाजूला जोडली तर परतून आलेली लाट त्या सुराला खाऊन टाकते. कॉन्टेसात हाच सूर ८० ठोक्यांच्या आसपास, म्हणजे नळी जवळपास पाच फूट. तेवढी जागा खाली नाही. तिथे मी मोठ्या पोटाचा रेझोनेटर आणि काचलोकर भरलेला लांब सायलेन्सर घेतो. कप्प्यांचा सायलेन्सर आवाजाला धार देतो, पण चार सिलिंडरवर ती धार पत्र्यासारखी वाजते.

मस्टँगवाल्यांनाही एक गोष्ट आधीच सांगतो: अमेरिकेतून हेडर मागवू नका. आपली गाडी उजव्या स्टिअरिंगची. स्टिअरिंगचा दांडा नेमका त्या पाइपांच्या वाटेत येतो. उजव्या स्टिअरिंगसाठीचे हेडर ऑस्ट्रेलियात बनतात, ते बसतात. आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मी काढून देत नाही, कितीही पैसे दिले तरी. गाडीमागून येणाऱ्या माणसाने तो धूर का घ्यायचा?

कायदाही स्पष्ट आहे. नव्या मोटारीला आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. म्हणून काय चालेल आणि काय नाही, हे काम सुरू होण्याआधी आरटीओत विचारून या, असं मी सांगतो; मूळ मापापेक्षा मोठा आवाज करणारं काम मी घेत नाही. फोर्डचे अभियंते स्टीव्ह फॉन फोर्स्टर यांनी आपली शेल्बी मस्टँग सुरू केली तेव्हा शेजाऱ्याने थेट पोलिसांना बोलावलं होतं. त्यातूनच २०१८च्या मस्टँगमध्ये पहाटे मुकाट सुरू होण्याची सोय आली. मला ती सोय अश्वशक्तीइतकीच मोलाची वाटते.

कॉन्टेसाच्या मालकांनी, म्हणजे वडिलांनी, एकच अट घातली होती. ‘‘मागच्या सीटवर ही बसलेली असते. तिला माझ्याशी बोलताना आवाज चढवावा लागता कामा नये.’’ मी काम त्याच अटीवर मोजतो. परवा नाइस रोडवर ऐंशीला मुलगा चालवत होता, मी मागे बसून नेहमीच्या आवाजात त्याच्याशी बोलत होतो. उतरल्यावर म्हणाला, ‘‘काका, थोडा अजून मोकळा करता येईल?’’ पहिल्या-दुसऱ्या गिअरला आवाज जरा उघडतो, चौथ्यानंतर मिटतो; तो तसाच राहील असं मी त्याला सांगितलं. शेवटचं क्रोमचं टोक त्याला रुंद हवं आहे. त्याने आवाजात फारसा फरक पडत नाही, म्हणून तेवढं जे.सी. रोडवरून त्याच्याच पसंतीचं आणायला सांगितलंय.