दहावीनंतर वृद्धसेवा? नाक मुरडण्याआधी एवढं वाचा



दहावीचा निकाल लागला की शाळेच्या ऑफिसबाहेर तेच प्रश्न सुरू होतात. सायन्स घ्यायचं की कॉमर्स, आयटीआयला नंबर लागेल का, डिप्लोमाची फी किती. मी गेली काही वर्षं या बोलण्यात एक नाव मुद्दाम घालते, वृद्धांच्या शुश्रूषेचं. नाव काढलं की समोरचे पालक एकदम गप्प होतात. एक आई मात्र गप्प बसल्या नाहीत. त्या स्वतः ब्युरोमार्फत लोकांच्या घरी बारा तासांची ड्युटी करतात. म्हणाल्या, “मॅडम, ते काम मी करतेच आहे. आजी गेल्या की दुसऱ्या दिवशी काम बंद. आजारी पडलं की खाडा. पोरीनंपण तेच करायचं का?”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. या कामाला आपल्याकडे पैसे कमी आणि मान त्याहून कमी. पण दोन दिवस कुणाबरोबर तरी उभं करून तिसऱ्या दिवशी ड्युटीवर पाठवलं, तर त्या बाईच्या हातात काय असतं? कागद नाही, म्हणून दर वाढवून मागता येत नाही. पुढची पायरीही दिसत नाही.

आता तुम्ही विचाराल, यात शिकण्यासारखं असतं तरी काय? माझ्या सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा ते मला नीट कळलं. पहिले आलेले अटेंडंट मनाने चांगले होते, पण बाबांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचे. अशा हाताचा खांदा आधीच कमकुवत झालेला असतो, तो आणखी दुखावतो. आडवं ठेवूनच चमच्याने पेज भरवायचे, मग ठसका लागायचा. नंतर आलेली मुलगी कोर्स केलेली होती, वय असेल वीस-बावीस. तिने पहिल्याच दिवशी बाबांना पाठीला उशा लावून नीट बसतं केलं. एक घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा दिला नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवं होऊ दिलं नाही. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत, काढताना आधी चांगला हात बाहेर. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि प्रत्येक वेळी माकडहाड आणि टाचा बघायच्या. कातडी लाल दिसली आणि बोटाने दाबूनही लाली हटली नाही, तर बेडसोरची सुरुवात समजायची. हे सगळं ती एका दोनशेपानी वहीत वेळ घालून लिहायची. घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी आमच्याशी बोलण्याआधी ती वही मागितली.

स्मृतिभ्रंशाचंही तसंच. आजी स्वतःच्याच घरात बसून “मला घरी सोडा” म्हणतात. “अहो, हेच तुमचं घर” असं दहा वेळा सांगितलं की त्या जास्तच चिडतात. शिकलेली मुलगी वाद घालत नाही. “तुमच्या घरी अंगणात काय काय होतं हो?” असं विचारते आणि बोलता बोलता चहा पुढे करते. काहींना हे उपजत जमतं. बाकीच्यांना शिकवावं लागतं, आणि ते शिकवता येतं.

माणसं लागणार आहेत हे तर उघडच आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या पुढचे १० कोटींहून जास्त लोक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक ज्येष्ठ असेल. मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि आईवडील गावाकडच्या घरात, हे चित्र तुमच्या आळीतही असेलच.

रस्ते कोणते? काही शाळांत नववीपासून हेल्थकेअर हा व्यावसायिक विषय असतो. अकरावी-बारावीच्या व्यावसायिक शाखेत बाल, वृद्ध व आरोग्य सेवा असा अभ्यासक्रम आहे. त्याबाहेर कौशल्य विकासाखाली ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ म्हणजे जीडीए आणि ‘होम हेल्थ एड’ हे काही महिन्यांचे कोर्स असतात. फी भरण्याआधी एकच विचारा, प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम करायला मिळणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं केंद्र बघा.

आणि हे मुलांना स्वच्छ सांगा की जीडीए म्हणजे नर्स नव्हे. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं हे तिचं काम नाही. घरचे लोक मात्र सर्रास सांगतात, “एवढं इन्सुलिन टोचून टाक ना.” नाही म्हणायला शिकवणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

नर्स व्हायचं तर बारावी करायलाच हवी. मग एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. जीएनएम झाल्यावर पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांत करता येतं. म्हणून दहावीनंतर कोर्स केला तरी बारावी सोडू नका, असा माझा हट्ट असतो. ‘सहा महिन्यांत नर्स बना’ अशा पाट्या तुम्ही एसटी स्टँडजवळ पाहिल्या असतील. तसा कुठलाही मान्यताप्राप्त कोर्स नाही. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे का ते बघा, मगच पैसे भरा.

परदेशाचं विचारणारेही भेटतात. आपल्या सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात शुश्रूषेची कामंही आहेत. जपानने २०१९ पासून सुरू केलेल्या कुशल कामगारांच्या व्हिसात वृद्धसेवाही आहे. पण दोन्हीकडे खरा घाट भाषेचा आहे. जर्मनीत साधारण बी१-बी२ पातळीची जर्मन लागते, जपानसाठी जपानीची परीक्षा. भाषेचं नाव न काढता लाखभर रुपये मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. नोंदणीकृत एजंटांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर मिळते.

सगळीकडे मी मुलगी मुलगी म्हणतेय, पण आजोबांना आंघोळ घालायला, उचलायला लोक पुरुष अटेंडंट शोधत असतात आणि चटकन मिळत नाही. दहावीच्या वर्गात हा विषय काढला तेव्हा मुलगे फिदीफिदी हसले. मग एकाला खुर्चीत बसवलं, त्याची डावी बाजू लुळी आहे असं धरलं आणि वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाला सांगितलं, याला उठवून शेजारच्या खुर्चीत बसव. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा दोघंही धडपडले. मग पाय कुठे ठेवायचे, गुडघे कसे वाकवायचे, पेशंटला आधी पुढे कसं झुकवायचं ते दाखवलं आणि किडकिडीत मुलानेही ते सहज केलं. हा प्रयोग तुमच्या वर्गात जरूर करून बघा, अर्धा तास पुरतो. तास संपल्यावर दोघं जण स्टाफरूमच्या दाराशी आले. जीडीएला मुलगे चालतात का, म्हणून विचारत होते. चालतात.