तिसरा सिलिंडर

7 सप्टेंबर 2025
कासची फुलं बघायला निघालो होतो. यवतेश्वरच्या घाटात पद्मिनीचा दम संपला. तिसऱ्या गिअरमध्ये चढेना, दुसऱ्यातही रडतखडत. ॲक्सिलरेटर दाबला की धक्के. मागे एसटीचा हॉर्न. अर्ध्यातून परत.

8 सप्टेंबर
थंड इंजिन लगेच चालू झालं. पण आयडलिंगला थरथर, पार स्टेअरिंगपर्यंत. ही म्हणाली, "पावसाचं पाणी गेलं असेल." डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली. आत कोरडं.

10 सप्टेंबर
पॉइंट नवे, कंडेन्सर नवा. फरक नाही.
शेजारचा मुलगा: "काका, स्कॅनर लावून बघा ना." लावणार कुठं? 1089 सीसी, एक कार्बोरेटर, एक कॉइल. संगणकाचा पत्ता नाही.

12 सप्टेंबर
गॅरेजवाला बॉनेट उघडायच्या आधीच म्हणाला, "वीस टक्के इथेनॉल, साहेब." हल्ली सगळं पेट्रोलवर ढकलता येतं. तरी कार्बोरेटर खोलला, जेट फुंकले. फ्लोट चेंबरच्या तळाशी काळा गाळ. पेट्रोलची रबरी नळी आतून मऊ पडलेली, बोट काळं होतं. म्हणजे तोही अगदीच खोटा नाही. नळी, फिल्टर बदलले.
थरथर तशीच. पेट्रोल अडत असतं तर चारही सिलिंडर कधी ना कधी उपाशी राहिले असते. इथं धक्का ठेक्यात येतो. एकच कुणीतरी काम करत नाहीये.

13 सप्टेंबर
सापडला. इंजिन चालू ठेवून, जाड रबरी हातमोजा घालून प्लगच्या वायरी एकेक काढून लावल्या. एक काढली, इंजिन ढासळलं. दोन, तेच. चार, तेच. तीन काढली, इंजिनाला पत्ताच नाही.
तिसरा प्लग ओला, पेट्रोलचा वास. बाकीचे तपकिरी, कोरडे.
दोनचा प्लग तीनला लावला, तीनचा दोनला. वायरींचीही अदलाबदल. तीन तरीही मुका. दोष आत आहे. रात्री जेवण गेलं नाही.

15 सप्टेंबर
मुलीचा फोन. "बाबा, विकून टाका आता. आरसी रिन्यू करायलाच दहा हजार." बरोबर आहे. 20 वर्षांवरच्या गाडीला गेल्या महिन्यापासून तेवढेच.

17 सप्टेंबर
मिस्त्री आले. उमेदीची वर्षं मुंबईत टॅक्सींखाली घालवलेली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, त्यावर अजून बोलतात.
पेटी उघडलीच नाही. वर्तमानपत्राचा तुकडा सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. फडफडला, मधेच आत ओढला गेला. पुन्हा फडफडला, पुन्हा ओढला.
"एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. गेज लावून खात्री करू."

18 सप्टेंबर
कॉम्प्रेशन: 120, 120, 55, 115 पौंड. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं. 60. रिंगा गेल्या असत्या तर आकडा चांगला चढला असता. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधे फुटलं असतं तर शेजारचाही पडला असता.
रॉकर कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट टॅपेटला गॅपच नाही. फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातंही शिरेना.
सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप संपतो. मग तो पूर्ण टेकत नाही. टेकल्याशिवाय त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, कड जळते. मिस्त्रींचं बोट शिशाकडे. पेट्रोलमधलं शिसं सीट सांभाळायचं, ते 2000 साली गेलं. "टॅपेट वाजत होते?" विचारलं त्यांनी. उलट, वर्षभर फार शांत होते. मला बरं वाटायचं.

20 सप्टेंबर
हेड उतरवलं. व्हॉल्व्हच्या कडेचा नखाएवढा तुकडा गायब.

22 सप्टेंबर
घटस्थापना. व्हॉल्व्ह साताऱ्यात नाही. पुण्याला नाना पेठेत फोन.

25 सप्टेंबर
मिळाला. डबा गंजलेला, आतला माल कोरा.

27 सप्टेंबर
दिवसभर लॅपिंग. काठीच्या टोकाला रबरी कप, तळहातांत ती रवीसारखी फिरवायची. पेस्ट खरखरते, मग आवाज मऊ होतो. सीटवर अखंड राखाडी पट्टा उमटला. वरून रॉकेल ओतलं, थेंब झिरपला नाही. मिस्त्रींनी मला अर्धा तास करू दिलं. हात भरून आले.

29 सप्टेंबर
तिसरा सिलिंडर 115. टॅपेट हलके टकटकतात. तसेच ठेवलेत.

2 ऑक्टोबर
दसरा. झेंडूचा हार घातला. मिस्त्रींना पाकीट दिलं, आढेवेढे घेऊन ठेवलं. 500 किलोमीटरनंतर गॅप परत बघायचे.
इंजिन नीट झाल्यापासून मागचं शॉकअप ऐकू येतंय.

6 ऑक्टोबर
आरसीचे पैसे भरले. मुलीला सांगितलेलं नाही.