आई-बाबांना ताडोबा दाखवताना

पावसाळ्यात बंद असलेले ताडोबाचे गाभा क्षेत्र ऑक्टोबरात पुन्हा उघडते आणि आमच्या चिमूर तालुक्यातील कोलारा प्रवेशद्वाराकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. त्या गाड्यांत मुले असतात, त्यांचे आईवडील असतात. आजी-आजोबा मात्र क्वचितच दिसतात. "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते," हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकले असेल. सामान्य वैद्यकीय व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर माझी खात्री झाली आहे की या नकारामागे वाघाची भीती नसते आणि बहुतेक वेळा प्रकृतीही नसते. कारण असते ते लघवीच्या अडचणीचे, आणि ते बोलून दाखवण्याच्या संकोचाचे.

सत्तरी ओलांडलेल्या एक बाई मुलासोबत अशीच सहल करून आल्या आणि दोनच दिवसांत जळजळ व ताप घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. खोदून विचारले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, रातपासून पाणीच पेलं नाही मी. गाडी थांबव म्हणून पोराले कसं सांगू?" मुलाने त्यांच्यासाठी उत्तम निवासाची सोय केली होती, खर्चातही काही कमी केले नव्हते. फक्त हा एक प्रश्न आईला विचारायचा असतो, हे त्याच्या ध्यानी आले नव्हते.

म्हणून आखणीचा आरंभ तेथूनच करावा. प्रवेशद्वारावरील स्वच्छतागृह कसे आहे, तेथे कमोड आहे का, आत कोठे उतरण्याची परवानगी आहे, हे आरक्षण करतानाच विचारून घ्या आणि ज्येष्ठांना आपण होऊन सांगा. जंगलात वाटेल तेथे गाडीतून उतरता येत नाही आणि एक फेरी तीन-चार तासांची असते. सोय आहे हे आधी कळले, की माणूस निश्चिंतपणे पाणी पितो. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर त्या दिवशी तिची वेळ पुढे ढकलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे.

ऋतूची निवडही महत्त्वाची. वाघ हमखास दिसतो म्हणून अनेकजण एप्रिल-मे महिन्यांत येतात. पण चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो आणि उघड्या जिप्सीतील ते ऊन वृद्ध शरीराला सोसणारे नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यांच्यासाठी उत्तम. त्यातही माझा आग्रह दुपारच्या फेरीचा असतो. पहाटेच्या फेरीसाठी अंधारात उठावे लागते, पोट साफ होत नाही, गारठ्यात रक्तदाब वाढतो आणि मधुमेही व्यक्ती इन्सुलिन घेऊन न्याहारीविना निघाली तर साखर घसरण्याचा धोका असतो. दुपारी निघताना औषधे, जेवण, थोडी विश्रांती सारे झालेले असते. परततांना मात्र गारवा वाढतो. शाल व कानटोपी जवळ असावी. मंगळवारी उद्यान बंद असते, हेही लक्षात ठेवावे.

जिप्सीची पायरी उंच असते. चढण्यासाठी एक छोटे मजबूत स्टूल सोबत घ्यावे. बसायला चालकामागची रांग द्यावी. मागील चाकांवरच्या आसनाला धक्के अधिक बसतात आणि हाडे ठिसूळ झालेल्या पाठीला ते महागात पडतात. धूळ पुष्कळ उडते, तेव्हा मुखपट्टी लावावी आणि दमा असणाऱ्यांनी श्वासाचा पंप बॅगेत न ठेवता खिशात ठेवावा. साखरेच्या चार गोळ्याही खिशातच असाव्यात. गाभा क्षेत्रात भ्रमणध्वनी वापरता येत नाही. म्हणून "यांना हृदयाचा त्रास आहे," असे मार्गदर्शकाला निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि मणक्याचे हाड मोडलेल्यांनी आपले डॉक्टर होकार देईपर्यंत थांबावे. जंगल कोठे जात नाही.

दोन दिवसांत चार फेऱ्या बसवण्याचा मोह टाळावा. एक फेरी, मग एक दिवस विश्रांती, आणि प्रकृती साथ देईल तर दुसरी फेरी, एवढे पुरे. विश्रांतीच्या दिवशी चिमूरच्या बालाजीचे दर्शन घ्यावे, १९४२ च्या क्रांतीतील हुतात्म्यांच्या स्मारकापाशी घटकाभर बसावे. त्या दिवसांच्या गोष्टी वडीलधाऱ्यांनी आपल्या आईवडिलांकडून ऐकलेल्या असतात. नातवंडांना त्या तेथेच सांगता येतील.

शेवटची विनंती वाघाविषयी. ताडोबा १९५५ पासूनचे, राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. ताडोबा तलावाकाठी तारू देवाचे स्थान आहे, त्याच्यावरूनच या जंगलाला नाव पडले असे आमच्याकडे सांगतात. आजी-आजोबांना मोह, तेंदू, ऐन ही झाडे ओळखता येतात. कोणते फूल केव्हा वेचायचे हे ठाऊक असते. चालकाला गाडी सावकाश चालवायला सांगा आणि त्यांना बोलू द्या. वाघ दिसला तर आनंदच. पण या हिवाळ्यात त्यांच्याशी सहलीचा विषय काढाल, तेव्हा वाघाचे नंतर सांगा. आधी, वाटेत गाडी कोठे कोठे थांबेल, ते सांगा.