आधीं कोणतें वाचावें?

आनंदानें वाचावें असें कांही सांगा, असें स्नेही म्हणतात तेव्हां आम्ही दोनच नांवें सुचवितों; क्रम मात्र प्रकाशनाच्या उलट. वडील जाऊन वर्ष झालें होतें. धरमपेठेंतील घरीं हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आईला वाचून दाखवीत होतों. यमूच्या वैधव्यापाशीं आई म्हणाली, “पुरे कर, बाबा.” मग लक्ष्मीबाई टिळकांचीं, १९३४ पासून भागांनीं निघालेलीं, ‘स्मृतिचित्रें’ उघडलीं. टिळकांच्या हातीं बायबल आलें तें नागपुराहून राजनांदगांवास जातांना, १८९३ सालीं, आगगाडींत. १८९५ त ते ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. तरी ही बाई स्वतःच्या फजितीवर हंसते! आई पोटभर हंसली. महिन्यानें आपणच म्हणाली, “आतां ती यमू आण.” म्हणून आमचें सांगणें इतकेंच : आधीं लक्ष्मीबाई, मग यमू.