समेवर पाय

माझ्याबरोबर दुसरी गिटार वाजवणारा मित्र नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि कॅफेतला शनिवारचा कार्यक्रम माझ्या एकट्याच्या गळ्यात पडला. गाणं आणि कॉर्ड्स मी सांभाळत होतोच. पण दोन कडव्यांमधला तुकडा वाजवायला बोटं वर गेली की खालची कॉर्ड नाहीशी व्हायची आणि गाणं एकदम पोकळ वाटायचं. लॅपटॉपवर तयार ट्रॅक लावून त्यावर वाजवणं मला नको होतं. लोकांनी एखादं कडवं पुन्हा मागितलं, तर ट्रॅक थोडाच थांबतो? मग उरला लूपर. चार कॉर्ड्स वाजवायच्या, पायाने बटण दाबायचं, वाजलेलं फिरत राहतं, त्यावर पुढचा थर चढवायचा.

ही युक्ती पेडलपेक्षा जुनी आहे. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांचा १९७३ सालचा अल्बम दोन टेपरेकॉर्डरांमधून एकच फीत फिरवून घडला होता. आज एड शीरन मैदानभर लोकांसमोर लूपवर गाणी उभी करतो. जानेवारी २०२५ मध्ये तो पुण्यातही वाजवून गेला. त्यामुळे ‘हे यंत्र काय आहे?’ असं आता फारसं कुणी विचारत नाही. ‘कुठलं घेतलंस?’ असं मात्र विचारतात.

शोध सुरू केला तेव्हा प्रत्येक जण मिनिटं सांगत होता. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या डिट्टोत ५ मिनिटं, बॉसच्या आरसी-१ मध्ये १२, आरसी-५ मध्ये तर कित्येक तास आणि वर ९९ लूप साठवायची सोय. मी लहानपणी तबल्याच्या क्लासला जात असे, म्हणून हिशेब मात्रांत केला. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर सोळा मात्रांचं आवर्तन ८ सेकंदांत संपतं. लय ८० वर आणली तरी १२ सेकंद. १९९९ मध्ये आलेल्या लाइन ६ कंपनीच्या डीएल४ मध्ये लूपसाठी जेमतेम १४ सेकंद होती आणि तेवढ्यावर अनेकांनी वर्षानुवर्षं मंच गाजवले. मी लूप दर वेळी लोकांसमोर नवा वाजवणार, मग ९९ साठवून करू काय?

माइक जोडता येणारी मोठी मॉडेल्सही पाहिली. पण मला आवाज लूपमध्ये नको होता. शिवाय गाणं आणि गिटार एकाच पेटीतून मिसळून मिक्सरकडे गेलं, की साउंडवाल्याला दोन्हींची पातळी वेगळी सांभाळता येत नाही. तीही बाद केली.

खरी परीक्षा पायाची होती. लूपची लांबी पेडल ठरवत नाही, तुमचा पाय ठरवतो. पहिला दाब समेवर द्यायचा आणि दुसराही समेवरच, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. शेवटची मात्रा वाजली की लगेच दाबलं, तर एक मात्रा कापली जाते आणि मग प्रत्येक फेरीला लूप लंगडतो. हे तबल्यामुळे लवकर जमलं. सहा मात्रांच्या दादऱ्यातही अडलं नाही.

अडलं ते थांबवताना. एकच बटण असलेल्या पेडलवर लूप थांबवायला लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. गाणं नेमकं समेवर संपवायचं, तर पहिला दाब समेच्या किंचित आधी आणि दुसरा समेवर पडायला हवा. पहिल्या दाबाने नवा थर रेकॉर्ड व्हायला लागतो. दुसरा रेंगाळला तर तो थर तेवढा बंद होतो आणि लूप खुशाल फिरत राहतो. गाणं संपलेलं, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि खाली कॉर्ड्स चालूच! म्हणून दुकानात मी प्रत्येक पेडल थांबवूनच पाहिलं. तेही उभ्याने, गात-गात आणि पायात कोल्हापुरी घालून, कारण कार्यक्रमात मी तीच घालतो. जाड तळव्याखाली छोटं गोल बटण सापडत नाही. बॉसची पेडलभर रुंद पट्टी न बघता दाबता येते.

शेवटी आरसी-१ घेतलं आणि थांबवण्यासाठी त्याला दोन बटणांचा वेगळा फूटस्विच जोडला. आता एका दाबात लूप बंद होतो. दुसरं कारण त्याच्यावरचं दिव्यांचं वर्तुळ. २४ तुकड्यांचं हे वर्तुळ लूप कुठवर आलाय ते दाखवतं, त्यामुळे अंधाऱ्या कॅफेत सम येताना दिसते. अ‍ॅडॉप्टर ९ व्होल्टचा आणि मधली पिन निगेटिव्ह असलेलाच वापरतो. घरातला दुसरा कुठला तरी लावण्याचा मोह टाळावा, उलट्या पिनचा निघाला तर पेडल जायचं.

वापरताना दोन गोष्टी ठरून गेल्या. लूपची पातळी हाताने वाजणाऱ्या गिटारपेक्षा थोडी खाली ठेवायची, नाहीतर वरचा तुकडा त्यात बुडतो. आणि थर दोन, फार तर तीन. पहिला थर भरला जात असतानाही लोक ऐकत असतात, त्यामुळे तोही गाण्याची सुरुवात म्हणून कानाला बरा वाटला पाहिजे. पाच थर रचेपर्यंत समोरचा माणूस मोबाइल काढतो.

काही गाण्यांना मात्र मी पेडलला हात लावत नाही, म्हणजे पाय लावत नाही. भावगीतातली एखादी ओळ शब्दांसाठी रेंगाळते, पुढची पटकन उचलावी लागते. मित्र शेजारी असताना माझ्या श्वासाकडे बघून थांबायचा. लूप आपल्याच लयीत पुढे जातो, मग गाणाऱ्याला त्याच्यामागे धावावं लागतं. अशा गाण्यांसाठी एकच गिटार पुरते, आणि मध्ये थोडी पोकळी राहिली तरी चालते.